हस्ते : घरातून

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात कोषाध्यक्ष या नात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'ट्रस्टची पन्नास वर्षांची आर्थिक वाटचाल'. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यात कापडाचा व्यापारी. तेव्हा आकड्यांचा विषय माझ्याकडे यावा हे ओघानेच आले. परंतु पन्नास वर्षांचा ताळेबंद या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर छापलेला आहे आणि तो आपण सवडीने वाचालच. भर दुपारी, भोजनाच्या अगोदर, आकडे वाचून दाखवून आपला अंत पाहण्याची माझी इच्छा नाही. त्याऐवजी त्या हिशेबातील एकाच नोंदीविषयी बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे.

ताळेबंद तयार करण्यासाठी गेल्या चैत्रात आम्ही जुन्या कीर्दी माळ्यावरून खाली काढल्या. २०१९ च्या महापुरात वारणेचे पाणी बस्तीच्या पायरीला लागले होते, तेव्हा या कीर्दी गाठोड्यात बांधून वर टाकल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. ओल लागून कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण अक्षर शाबूत आहे. आपल्या ट्रस्टचे पहिले कारकून अत्यंत काटेकोर गृहस्थ होते. पैसा कोणाच्या नावाने जमा झाला एवढेच लिहून ते थांबत नसत. तो प्रत्यक्ष कोणी आणून दिला, हेही लिहीत. १९७५ सालच्या कीर्दीत सभागृह निधीच्या पानावर माझ्या आजोबांच्या नावे रुपये २,५०१ जमा आहेत. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले आहे : 'हस्ते घरातून. तुपाची पुंजी. पावती यजमानांच्या नावे करणे म्हणाल्या.'

ही नोंद मी तीन वेळा वाचली. या सभागृहाच्या दाराशी डाव्या हाताला देणगीदारांची संगमरवरी शिळा आहे. तिच्यावर माझ्या आजोबांचे नाव आहे आणि त्या नावाखाली उभे राहून मी लहानपणापासून मिरवत आलो आहे. तो पैसा आजोबांचा नव्हता, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

'घरातून' म्हणजे माझी आजी. आम्ही सारी नातवंडे तिला आऊ म्हणत असू. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढे गेलेल्या बहुतेकांनी तिला पाहिले आहे. बस्तीत सकाळच्या अभिषेकाला उजव्या खांबापाशी, पांढऱ्या लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढून बसणारी ती ठेंगणी म्हातारी.

तिचे जन्मसाल घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. १९१८ साली मानमोडीची साथ आली तेव्हा आपण आईच्या जात्याला हात लावण्याइतक्या होतो, असे ती सांगे. त्यावरून १९०८ ते १९१० च्या दरम्यान तिचा जन्म झाला असावा. लग्न बाराव्या वर्षी झाले. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. णमोकार मंत्र, सामायिक पाठ, चोवीस तीर्थंकरांची नावे आणि लांछने हे सर्व तिला कानावरून आलेले. आणि कानावरून आले म्हणून त्यात काना-मात्रेचीही चूक नसे. पाठशाळेत मी 'लांछने' घोकताना पुष्पदंतांचा मगर विसरलो, की चुलीपुढून तिचा आवाज येई.

आज 'गृहिणी' हा शब्द आपण फार सहज उच्चारतो. त्या काळच्या धर्मनिष्ठ श्राविकेच्या घरात त्या शब्दाखाली किती कष्ट दडलेले असत, हे तरुण पिढीसाठी थोडे विस्ताराने सांगतो. पिठाची मर्यादा आपणांस ठाऊक आहे : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ऐकायला हा एक साधा नियम वाटतो. पण गिरणीत दळलेले पीठ न खाणाऱ्या घरात, चौदा माणसांच्या कुटुंबात, पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसावे लागे. श्रावण-भाद्रपदात धान्य सर्दावलेले. जाते जड फिरे. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे व्हावयाची, म्हणजे उसाच्या हंगामात गुऱ्हाळावर असलेल्या पुरुषांची भाकरी दिवस मावळायच्या आत शेतावर पोहोचवावयाची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, कंदमूळ तर बारमाही नाही. आणि तरीही ताटात रोज काहीतरी वेगळे असावे ही सासऱ्यांची अपेक्षा. हे सर्व आऊने साठ वर्षे सांभाळले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझी आई आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि पहिल्या रांगेत बसली आहे. आऊविषयी मी बोलणार आहे असे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुझी आऊ मोठी होती, खरं हाय. पर तिच्या मोठेपणाचं दळण मी दळलं." लग्न होऊन आल्यावर पहिली अडीच वर्षे आईला चौक्यात पाऊल टाकू दिले नव्हते, पाणी भरण्याची तिची पद्धत आऊच्या मनास येत नव्हती म्हणून. आईच्या माहेरी पाणी एकपदरी कापडातून गाळीत, एवढाच अपराध. तेव्हा गोडवे गाताना ही बाजूही ध्यानात असू द्यावी.

पाण्याचा विषय निघाला म्हणून त्याविषयी थोडे सांगतो, कारण माझा सारा व्यवसाय त्या एका फडक्यातून निघाला आहे. गाळण्याचे कापड छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद असावे व ते दुहेरी करून वापरावे, हे आपण पाठशाळेत शिकतो. आऊ ते शिकलेली नव्हती. ती कापड उन्हात धरून पाही. दुहेरी घडीतून सूर्याचा किरण डोळ्याला टोचला, तर ते कापड बाद. तिला मांजरपाट लागे, तोही कोरा नव्हे. दुकानातून आणलेला तुकडा ती प्रथम दोन वेळा रिठ्याच्या पाण्यात खळखळून धुई आणि मगच उन्हात धरी. मी विचारले तर म्हणाली, "आरं, खळ हाय तवर समदंच कापड दाट. खळ गेल्यावर कापड काय ते सांगतंय."

शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम.ची पदवी घेऊन १९८२ साली मी इचलकरंजीत दुकान टाकले. मागावरचे कापड, तागे, पन्हा, वजन, सूत यांचे शिक्षण मला अनेकांनी दिले. पण आऊचे हे वाक्य मी वेळेवर ध्यानात घेतले नाही. १९८४ साली एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळाले म्हणून सत्तर तागे उचलले. हाताला भरदार, घडीला सुबक. गिऱ्हाईकाने घरी नेऊन धुतले आणि चाळणी झाली. सारे तागे परत घ्यावे लागले. मी ही हकिकत घरी सांगितली नव्हती. पण ती तिला कुठून तरी कळली. पुढच्या खेपेस गावी गेलो तेव्हा तिने काही न बोलता रिठ्यांची एक पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली. आजही माझ्या दुकानात नवीन माल आला की त्याचा एक तुकडा आधी धुतला जातो.

गाळून झाल्यावर फडके उलटे करून त्यावर गाळलेले पाणी ओतावयाचे आणि ती जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत, पोहऱ्याने अलगद पाण्याच्या पातळीपर्यंत नेऊन सोडावयाची. वरून ओतली तर जीव आपटून मरतात. लहानपणी मला हा खेळ वाटे. तिला तो खेळ नव्हता. भर पावसात, अंगात ताप असतानाही जिवाणी सोडल्याशिवाय ती विहिरीवरून हलत नसे.

१९७२ च्या दुष्काळाची झळ आपल्या वारणाकाठाला सोलापूरकडे किंवा सांगलीच्या पूर्व भागात बसली तेवढी बसली नाही. तरीही त्या उन्हाळ्यात गावातले दोन आड आटले आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीवर वस्तीतील लोक पाण्याला येऊ लागले. आजोबांच्या मनात नव्हते. विहिरीने तळ गाठला तर उसाचे काय, ही त्यांची चिंता. आणि त्याखाली दुसरेही काही होते, जे त्या काळी बोलून दाखविण्याची गरज भासत नसे. आऊ आजोबांसमोर कधी शब्दाने बोलली नाही, त्या दिवशीही बोलली नाही. तिने मांजरपाटाचा एक आख्खा तागा मागवला, त्याचे तुकडे फाडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन बसली. येईल त्या बाईला एक तुकडा. "पाणी न्या, कितीबी न्या. पर गाळून न्या, आन् जिवाणी परत सोडा." एवढीच अट. पहिले चार दिवस तिने स्वतः प्रत्येकीला करून दाखविले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, पोहरा ओढावयास तिच्याबरोबर असे. कोणत्या घागरीला कोणाचा हात लागला, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर उद्भवला नाही. तो पुढे पाऊस पडल्यावर आमच्या भावकीत उद्भवला. दोन महिने बोलणे बंद होते. आऊने त्याची खंत केल्याचे मला स्मरत नाही.

आता त्या तुपाच्या पुंजीकडे येतो. आपल्या भागात पूर्वी दुभते म्हणजे बायकांचा कारभार. दूध विकण्याची पद्धत नव्हती, ताक फुकट वाटावयाचे, आणि लोणी कढवून जे तूप होई त्याचा पैसा घरच्या बाईच्या कनवटीला राही. बांगड्या, लेकीची चोळी, बस्तीतील नैवेद्य, तीर्थयात्रा हे सारे त्यातून भागे. साठच्या दशकाच्या अखेरीस गावोगावी सहकारी दूध संस्था आल्या. त्यांनी शेतकऱ्याच्या घरात दर दहा-पंधरा दिवसांनी रोख पैसा आणला, हे उपकार कुणीही नाकारणार नाही. मात्र सभासद पुरुष, पुस्तक पुरुषाच्या नावाचे, बिल पुरुषाच्या हाती. धारा काढणारी, वैरण-पाणी करणारी, शेण काढणारी बाईच राहिली. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर खर्च एका खात्यावर आणि उत्पन्न दुसऱ्या. आमच्या घरी तीन म्हशी होत्या. दोन म्हशींचे दूध संस्थेला जाऊ लागले. तिसरीच्या बाबतीत आऊ म्हणाली, "ही माझी." त्या म्हशीचे दूध अखेरपर्यंत संस्थेच्या कॅनमध्ये पडले नाही. आणि ती भाकड झाली तेव्हा तिला बाजारात न्यायलाही आऊने संमती दिली नाही. दावणीलाच मरेपर्यंत तिला वैरण घातली. तोवर तिची रेडी दुभती झाली होती, तिचेही दूध संस्थेला गेले नाही.

त्या तुपाच्या पैशांतून तिने स्वतःसाठी काय केले, हे आठवून पाहिले. माझ्या जन्माआधी, १९५५ साली, आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. छत्तीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला, त्यांचे समाधिमरण झाले. भोजचे महाराज म्हणजे आपल्या मुलखातले. गावोगावचे लोक दर्शनाला निघाले होते. घरातून कोणी येण्यास मोकळे नव्हते. आऊ शेजारच्या दोन बायकांबरोबर मिरजेला गेली आणि तिथून बार्शी लाइनच्या त्या छोट्या गाडीत बसली. आयुष्यातला तो तिचा पहिला रेल्वेप्रवास. बार्शीहून पुढे मोटारीने, शेवटी पायी. दर्शन झाले ते लांबून, गर्दीत, टाचा उंचावून. ती म्हणे, "चेहरा दिसला न्हाई. पर हात वर झाला त्यो दिसला." त्या हाताचे वर्णन मी तिच्या तोंडून शंभरदा तरी ऐकले असेल.

दुसरा प्रवास १९८१ चा. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वर मूर्तीला एक हजार वर्षे पूर्ण झाली म्हणून त्या वर्षी फेब्रुवारीत महामस्तकाभिषेक झाला. आम्ही मुख्य सोहळ्यानंतर, गर्दी ओसरल्यावर गेलो. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला आणि सर्वज्ञ. आऊ सत्तरी ओलांडलेली. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या, काळ्या खडकात कोरलेल्या, आणि डोक्यावर ऊन. डोलीत बसावयास ती तयार होईना. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की बसे, पुन्हा उठे. कुंभोजच्या बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती १९६३ साली उभी राहिली तेव्हा तिने मला कडेवर घेऊन डोंगर चढला होता. त्याची परतफेड म्हणून मी तिचा हात धरावा, एवढेच तिने मला करू दिले.

अशाच एका पायरीवर बसलो असता मी तिच्यापाशी एका गोष्टीची कबुली दिली. त्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागेल. १९६८ साली एक मुनिसंघ विहार करीत आपल्या गावी आला होता. आहारासाठी आमच्या घरी चौका लागला. आऊ तीन दिवस आधीपासून कामाला लागली होती. नवे मडके, नवे फडके, ताजे पीठ. पहाटे धुतलेली ओली वस्त्रे नेसून ती दारात कलश घेऊन उभी राहिली आणि महाराज आमच्याच दारी थांबले. नवधाभक्ती झाली. महाराजांनी उभ्याने, ओंजळीत पहिले दोन-तीन घास घेतले आणि दुधाच्या धारेबरोबर ओंजळीत केस आला. अंतराय. महाराजांनी ओंजळ सोडली, मुखशुद्धीही न करता खाली बसले. दिवसभराचा, पाण्यासह, तो उपवास. आपणांपैकी ज्यांच्या घरी असे घडले असेल त्यांनाच कळेल की त्या क्षणी घरावर काय येते. कोणी कोणाकडे पाहीना. आजोबांनी आईकडे रोखून पाहिले. तेव्हा आऊ पुढे होऊन म्हणाली, "माझाच केस. पदर सरकला असंल. मी बघितलो न्हाई." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी महाराजांचा आहार दुसऱ्या घरी निर्विघ्न झाल्याची बातमी येईपर्यंत तिने पाणीही घेतले नाही.

पण त्या पहाटे, सर्वजण अंघोळीच्या गडबडीत असताना, नऊ वर्षांच्या मी त्या दुधाच्या पातेल्यावर वाकून बोटाने साय खाल्ली होती. केस माझा होता.

विंध्यगिरीच्या पायरीवर मी हे सांगितले. ती बराच वेळ चंद्रगिरीकडे पाहत होती. मग म्हणाली, "ठावं हाय. ओठाला साय तशीच हुती तुझ्या." मी विचारले, मग बोलली का नाहीस? त्यावर तिचे उत्तर असे : "नऊ वर्सांचं प्वार. त्याच्या नावावर मुनींचा अंतराय लिवायचा व्हय?" आणि ती उठून चालू लागली.

माझ्या दुकानाविषयी तिची एकच तक्रार होती : रेशीम. शालू हातात घेऊन विचारी, "हे झाडाचं का किड्याचं?" किड्याचे म्हटले की खाली ठेवी. स्वतःच्या लग्नातला शालूही तिने पुढे कधी नेसला नाही. मी आजही रेशीम विकतो. लग्नसराईत त्यावाचून कापडाचे दुकान चालत नाही, आणि इथे उभे राहून खोटे सांगण्यात अर्थ नाही. तिच्या हयातीत रेशमाचे कपाट मी तिच्या नजरेआड मागच्या खोलीत ठेवीत असे. अजून ते तिथेच आहे.

१९७९ साली आजोबा गेले. १९८७ साली या सभागृहाची डागडुजी झाली, तेव्हा जुन्या रंगविलेल्या फळीऐवजी संगमरवरी शिळा बसवावयाचे ठरले. शिळेवरील मजकूर तयार करण्याचे काम तरुण विश्वस्त म्हणून माझ्याकडे आले. मी पावतीपुस्तकावरून नावे उतरवून काढली. कीर्द उघडून पाहिली नाही. पावती असताना कीर्द कशाला पाहावयाची? शिळा बसविली त्या दिवशी आऊला हात धरून दाखविण्यास आणले. तिला वाचता येत नव्हते. आजोबांचे नाव कोठे आहे ते मी बोट ठेवून दाखविले. तिने त्या अक्षरांवरून हात फिरविला. मग तिने विचारले, "ह्यात माझं कुठं हाय का?"

मी हसलो. म्हणालो, "आप्पांचं नाव म्हणजे तुझंच की गं आऊ."

"व्हय की," ती म्हणाली. आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर ती दोन वर्षे जगली. हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. १९८९ च्या माघ महिन्यात तिला न्यूमोनिया झाला. सूर्यास्तानंतर औषधाची गोळी घेण्यास तिने नकार दिला. डॉक्टर रागावले, आम्ही विनवण्या केल्या. "उजाडल्यावर घेतो," एवढेच म्हणे. दोन रात्री तसेच चालले. तिसऱ्या दिवशी सूर्योदय झाला, आईने गाळलेले पाणी आणि गोळी तिच्या ओठांशी नेली. पाणी घेतले, गोळी तशीच राहिली. आम्ही सारे णमोकार म्हणत होतो. आईचा आवाज सर्वांत मोठा होता.

ही कीर्द सापडल्यानंतर मी विश्वस्त मंडळापुढे विषय ठेवला. चर्चा बरीच झाली आणि ती मनाला लागेल अशी झाली. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की, पावती यजमानांच्या नावे करावी हे त्या माउलीने स्वतः सांगितले आहे. दात्याची इच्छा बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरे म्हणाले की हे गुप्तदान होय आणि शास्त्रात त्याचा महिमा अधिक आहे. दोघांचेही म्हणणे मला खोडता आले नाही. माझ्याजवळ तिचा तो एक प्रश्न होता, आणि तो तिने बारा वर्षांनंतर विचारला होता. ती थट्टा होती, सहज चौकशी होती, की आणखी काही होते, हे मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी तिच्या तोंडाकडे मी पाहिले असते तर कदाचित कळले असते. मी शिळेकडे पाहत होतो, अक्षरे सरळ आली आहेत की नाहीत ते.

मग मी पहिल्या पाच वर्षांच्या सर्व कीर्दी पानोपान वाचल्या. 'हस्ते घरातून' अशा त्रेचाळीस नोंदी आहेत. कुठे 'तुपाची पुंजी', कुठे 'पाटल्या मोडून', कुठे 'माहेरच्या शेताचा वाटा', एके ठिकाणी 'शिवणाचे पैसे'. अकरा रुपयांपासून तीन हजारांपर्यंत. त्यापैकी एकीचेही नाव लिहिलेले नाही, कारण काटेकोर असले तरी आमचे कारकून त्या काळचेच होते. परस्त्रीचे नाव कीर्दीत घालणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. ज्या खोलीत आज पाठशाळा भरते तिची फरशी, भोजनशाळेची पहिली भांडी, धर्मशाळेच्या विहिरीचा रहाट हे सारे या त्रेचाळीस नोंदींतून उभे राहिले आहे. त्या यजमानांची नावे आपल्यापाशी आहेत, म्हणजे ही घरे कोणती ते कळते. त्यातील बरीचशी घरे या क्षणी या सभागृहात बसलेली आहेत.

विश्वस्त मंडळाने एकमताने असे ठरविले की जुनी शिळा आहे तशी राहील. तिला कोणी हात लावणार नाही. मात्र एक वही करावयाची. त्रेचाळीस नोंदी, तारीख आणि रकमेसह, तीत उतरवून काढल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे जागा कोरी सोडली आहे. आपल्या घरची नोंद शोधावी आणि त्या श्राविकेचे नाव लिहावे. आठवत नसेल तर आज रात्री घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे. उशीर करू नये एवढी विनंती, कारण विचारण्याजोगी माणसे आता थोडी उरली आहेत. आमच्याच घरचे सांगतो. रेशनकार्डावर आऊचे नाव एक होते, सात-बाराच्या फेरफारावर दुसरे, आणि माहेरचे नाव काय हे मला किंवा माझ्या भावांना कुणालाच ठाऊक नव्हते. ते माझ्या आईला ठाऊक होते. जात्यावर समोरासमोर बसून तीस वर्षे काढली, त्यात कधीतरी ऐकलेले.

म्हणून आऊचे नाव मी या भाषणात घेतलेले नाही. काल संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, आईने थरथरत्या हाताने ते वहीत लिहिले आहे, दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे. सतरावी ओळ. वही भोजनशाळेच्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे आणि पेन दोरीने बांधून ठेवले आहे. बेचाळीस जागा कोऱ्या आहेत. भोजनाला जाता जाता कृपया पाहून जावे. जयजिनेंद्र.